वारशात इंटरलॉक हरवू देऊ नका
पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) प्रोग्राममध्ये, पुढे-मागे फिरणाऱ्या मोटरच्या फंक्शन ब्लॉकमध्ये (पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्यात) दोन्ही कॉन्टॅक्टरचे (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचे) आउटपुट एकाच मेथडमध्ये लिहा आणि ती ‘फायनल’ करा. पीएलसी भाषांचं मानक आयईसी ६११३१-३ च्या २०१३ च्या आवृत्तीत ही सोय आहे. नाहीतर वारसदार ब्लॉक (या ब्लॉकवरून बनवलेला) ती ओव्हरराइड करतो, म्हणजे तिच्या जागी स्वतःची मेथड घालतो, आणि इंटरलॉक (दोन्ही दिशा एकत्र चालू होऊ न देणारी अट) गुपचूप निघून जातो.

मग मॉडेल चेकरला (प्रोग्रामच्या सगळ्या शक्य अवस्था तपासणाऱ्या साधनाला) विचारा: स्कॅनच्या (प्रोग्रामच्या एका फेरीच्या) शेवटी ‘पुढे’ आणि ‘मागे’ एकत्र ट्रू होतात का? तपासणी शेवटीच हवी. मधल्या ओळीवर दोन्ही क्षणभर ट्रू दिसले, तरी आउटपुट कार्डावर ते पोचत नाहीत.

या तपासणीत टायमर मिलिसेकंदांनिशी घालू नका, तपासायच्या स्टेट (अवस्था) बेसुमार वाढतात. त्याचा क्यू (वेळ संपल्याचं सांगणारं आउटपुट) कधीही ट्रू होईल असं धरा. अट तरीही टिकली, तर खऱ्या टायमरसोबतही टिकेल. चिकटलेला कॉन्टॅक्टर मात्र प्रोग्रामला रोखता येत नाही. एक कॉन्टॅक्टर ओढलेला असताना दुसऱ्याला रोखणारं एनसी (एरवी जोडलेल्या) कॉन्टॅक्टचं वायरिंग ठेवाच.