कॉल साइन कशी ठरवावी आणि मिळालेली कशी वागवावी

सैन्यातील एकाच माणसाला अधिकृत नावाखेरीज आणखी तीन नावे असू शकतात. पहिली रेडिओवरची कॉल साइन, म्हणजे हाक देण्यासाठी ठरवलेले नाव, जी खरे तर त्याच्या तुकडीची किंवा पदाची असते. दुसरी वैमानिकांमध्ये रूढ असलेली वैयक्तिक कॉल साइन. आणि तिसरे बराकीत पडलेले टोपणनाव. तिन्हींचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे नाव ठरवायला बसण्यापूर्वी आपण यांपैकी कोणते ठरवत आहोत हे आधी स्पष्ट करून घ्यावे.

रेडिओवरचे नाव व्यक्तीला चिकटवू नये, हा पहिला नियम. ब्रिटिश सैन्यात कमांडरसाठी 'सनरे', वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी 'स्टारलाइट' आणि तोफखान्याच्या प्रतिनिधीसाठी 'शेलड्रेक' असे ठरलेले शब्द वापरात आले, ते याच विचाराने: कमांडर बदलला तरी 'सनरे' तोच राहतो आणि माणसाचे नाव हवेत जात नाही. अर्थात हे शब्द पुढे इतके परिचित झाले, की त्यांनी गुप्तता फारशी राखली जात नाही. सोय मात्र होते. गुप्तता हवी असेल तर तुकड्यांच्या कॉल साइन ठरावीक मुदतीने बदलाव्या लागतात, कारण शत्रूला सांकेतिक मजकूर उलगडता आला नाही, तरी कोण कोणाशी किती वेळा बोलते एवढ्यावरून तो संपूर्ण रचनेचा नकाशा मांडू शकतो. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर यांची कॉल साइन त्यांच्या 'डी' आणि 'बी' या आद्याक्षरांवरून 'डॉग्जबॉडी' अशी ठेवली होती. किस्सा म्हणून ते गमतीचे आहे, पण अनुकरणीय नाही. आद्याक्षरांवरचे नाव एकदा ओळखले गेले, की आज आकाशात कोण आहे हे ऐकणाऱ्याला आयते कळते. याच्या उलट उपयोगही होतो. २ जानेवारी १९६७ रोजी व्हिएतनाम युद्धात अमेरिकी वैमानिक रॉबिन ओल्ड्स यांच्या नेतृत्वाखालील एफ-४ या लढाऊ विमानांनी एफ-१०५ या बॉम्बफेकी विमानांचे मार्ग, वेग आणि कॉल साइन उचलून शत्रूच्या मिग-२१ विमानांना वर ओढले. त्या दिवशी सात मिग पाडल्याचा दावा अमेरिकेने केला.

दुसरा नियम कानाचा आहे आणि बहुतेक हौशी नावे इथेच बाद होतात. संभाषणाचा रेडिओ साधारणपणे ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतो, त्यामुळे 'स', 'फ' यांसारखे फुसकारणारे उच्चार एकमेकांत मिसळतात. म्हणून दोन-तीन अक्षरांचे, ठळक स्वरांचे आणि कठीण व्यंजनांचे नाव निवडावे. त्याच नेटवरील, म्हणजे एकाच रेडिओ जाळ्यावरील, दुसऱ्या कोणत्याही नावाशी, आकड्याशी किंवा 'ओव्हर', 'आउट', 'रॉजर' अशा ठरीव शब्दांशी ते जुळता कामा नये. १९५६ पासून आंतरराष्ट्रीय वापरात असलेल्या 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' या वर्णमालेतील २६ शब्दही टाळावेत, नाहीतर नाव उच्चारले की अक्षर हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आकडे सुटे सुटे बोलावेत. 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांची गल्लत होऊ नये म्हणून नऊला 'नाइनर' म्हणतात. साधर्म्य किती महागात पडू शकते याचे उदाहरण म्हणून १९५३ मधील घटना सांगितली जाते: राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या विमानाची कॉल साइन 'एअर फोर्स ८६१०' होती आणि त्याच आकाशात 'ईस्टर्न ८६१०' हे प्रवासी विमान होते. त्या गोंधळानंतर राष्ट्राध्यक्ष ज्या हवाईदलाच्या विमानात असतील त्याला 'एअर फोर्स वन' म्हणायची पद्धत पडली.

चाचणी अशी घ्यावी. उमेदवार नावांची यादी एका माणसाने इंजिनाच्या आवाजात, शक्य असल्यास मुखवटा लावून, रेडिओवर वाचावी आणि यादी न पाहिलेल्या दुसऱ्याने ऐकू येईल तसे लिहून घ्यावे. एकदाही चुकीचे लिहिले गेलेले नाव, ते कितीही रुबाबदार असो, काढून टाकावे. त्यानंतर प्रत्येक नावाचे पहिले अक्षर गाळून पुन्हा वाचावे. हे अनेकांना सुचत नाही. घाईत बटण पूर्ण दाबले जाण्याआधीच माणूस बोलू लागतो आणि सुरुवातीचा तुकडा कापला जातो. हाक देताना समोरच्याचे नाव आधी आणि आपले नंतर घ्यायचे असल्याने नेमके ज्याला बोलवायचे त्याचेच नाव अर्धवट पोहोचते. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या कोणाच्या नावासारखा वाटत असेल, तर दोन तुकड्या एकाच आदेशावर हलतील.

वैयक्तिक कॉल साइनबाबत सल्ला थोडक्यात असा, की ती स्वतः निवडू नये. नवा वैमानिक आपल्यासाठी एखादे हिंस्र श्वापद ठरवून आला असेल, तर स्क्वाड्रन त्याला बहुधा एखादा पाळीव प्राणी बहाल करते. नाव आडनावावरच्या कोटीतून येते, एखाद्या फजितीतून येते किंवा सवयीतून. ब्रिटिश सैन्यात तर काही आडनावांना नावे तयारच असतात: मिलर असला की 'डस्टी', क्लार्क असला की 'नॉबी'. फील्ड मार्शल करिअप्पा यांना 'किपर' हे नाव उच्चार न जमणाऱ्या ब्रिटिशांमुळे मिळाले, तर माणेकशा यांना 'सॅम बहादूर' गोरखा सैनिकांनी केले. दोन्ही नावे टिकली, पण जवानांनी दिलेल्या नावात जी माया असते ती सोयीपोटी पडलेल्या नावात शोधूनही सापडत नाही, असे माझे मत आहे. वृत्तपत्रांनी दिलेली नावे याहून उपरी असतात. अमेरिकी जनरल श्वार्झकॉफ यांना लोकप्रिय झालेले 'स्टॉर्मिन नॉर्मन' आवडत नसे, त्यांना 'द बेअर' अधिक पसंत होते.

नाव देणाऱ्यांची जबाबदारी घेणाऱ्यापेक्षा मोठी असते. जात, धर्म, वर्ण, लिंग किंवा शारीरिक व्यंग यांवर बेतलेले नाव देऊ नये. ज्या चुकीत कोणी जखमी झाले किंवा जिची चौकशी अजून चालू आहे, तिच्यावरूनही देऊ नये. हे नाव त्या व्यक्तीच्या आईवडिलांसमोर मोठ्याने घेता येईल का, असा प्रश्न बैठकीतील सर्वांत कनिष्ठ माणसाने विचारावा, कारण ज्येष्ठांना बहुतेकदा आपल्याच विनोदाचे कौतुक असते. ज्याला नाव पटत नाही त्याने सर्वांदेखत वाद घालू नये, त्याने ते अधिकच घट्ट चिकटते. ज्येष्ठ अधिकाऱ्याला एकांतात, कारण देऊन, एकदाच सांगावे. नाव खरोखर अपमानकारक असेल तर हा संयम लागू नाही आणि तक्रार लेखीच करावी.

टोपणनाव कुठे वापरायचे नाही हेही ठरवून ठेवावे. जखमींची नोंद, रक्तगटाची चिठ्ठी आणि चौकशीचे जबाब यांत फक्त अधिकृत नाव आणि सेवा क्रमांक लिहावा, कारण एकाच टोपणनावाची दोन माणसे एका तळावर सहज असू शकतात. समाजमाध्यमांवर टोपणनाव, खरे नाव आणि तुकडी ही तिन्ही एकत्र कधीही देऊ नयेत. बदली झाल्यावर रेडिओवरची कॉल साइन त्या जागेवर सोडून जायची असते. वैयक्तिक नाव सोबत जाते, मात्र नव्या स्क्वाड्रनला ते बदलण्याचा हक्क असतो. ते नाव घेऊन प्रत्यक्ष लढाईत उड्डाण केलेले असेल, तर अनेक ठिकाणी प्रथेप्रमाणे त्याला कोणी हात लावत नाही.