पोरगा वर जायला तयार आहे का? मायनर लीगचे आकडे वाचताना या चुका टाळा

मे महिना उजाडला की अमेरिकेत बेसबॉल बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद रंगतो. एखादा पोरगा खाली, म्हणजे मायनर लीगमध्ये, .३४० मारतोय (हजार प्रयत्नांत ३४० हिट), मग वर, म्हणजे मेजर लीगमध्ये, का आणत नाहीत? हा आकडा त्या पोराबद्दल जेवढं सांगतो, तेवढंच समोरच्या पिचरबद्दल (चेंडू टाकणाऱ्याबद्दल), मैदानाबद्दल आणि गावाच्या उंचीबद्दलही सांगतो. या गोष्टी वेगळ्या न काढताच निकाल दिला जातो आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

पाटा खेळपट्टी ओळखा

प्रत्येक मेजर लीग क्लबचे मायनर लीगमध्ये चार पूर्ण हंगामी संघ असतात, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. एकाच पायरीवरच्या दोन लीग मात्र सारख्या नसतात. ट्रिपल-एची पॅसिफिक कोस्ट लीग म्हणजे बॅटरांची पाटा खेळपट्टी. अल्बुकर्की पाच हजार फुटांवर आहे, रिनो साडेचार हजारांच्या आसपास. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल नीट वळत नाही. डबल-एमध्ये अमरिलोही असंच. उलट सिंगल-एच्या फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये मोठी मैदानं आणि दमट हवा असते, तिथले १२ होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) रिनोतल्या २० पेक्षा जड भरू शकतात.

२००५ मध्ये एंजल्स क्लबच्या ब्रँडन वूडने ४३ होमरन ठोकले. ते सगळे हाय-एमधले, तेही बॅटरांना धार्जिण्या कॅलिफोर्निया लीगमधले. पुढच्या वर्षी डबल-एमध्ये त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) दीडशेच्या घरात गेले. खरी बातमी ती होती, पण लोकांच्या डोक्यात ४३ च राहिले. मेजर लीगमध्ये त्याची कारकिर्दीची सरासरी .१८६ राहिली, होमरन १८.

म्हणून आधी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावरचे आकडे वेगळे करा. मग स्ट्राइकआउटचं प्रमाण पायरीगणिक कसं बदललं ते पाहा. हाय-एत २० टक्के, डबल-एत २३, ट्रिपल-एत २४ हा चढ नैसर्गिक आहे. १९ वरून एकदम ३० झालं, तर होमरन कितीही असोत, थांबा.

ट्रिपल-एचे वॉक जसेच्या तसे धरू नका

वॉक म्हणजे झोनबाहेरचे चार चेंडू सोडल्यावर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस. ते जसेच्या तसे धरण्याची चूक जाणकारही करतात. २०२३ मध्ये ट्रिपल-एत आठवड्याचे पहिले तीन सामने पूर्णपणे यंत्राच्या स्ट्राइक झोनवर (चेंडू ज्या चौकटीतून गेला की स्ट्राइक धरतात ती) चालायचे, उरलेले तीन चॅलेंज पद्धतीने, म्हणजे निर्णय पंचांचा, पण खेळाडू यंत्राकडे दाद मागू शकतो. २०२४ च्या जूनअखेरीपासून सगळीकडे फक्त चॅलेंज आलं. यंत्राचा झोन पंचांच्या झोनपेक्षा आवळ असल्यामुळे त्या काळातले वॉक फुगलेले आहेत. शिवाय ट्रिपल-एच्या पिचरांमध्ये ज्यांचा कंट्रोल वर टिकला नाही असे बरेच असतात. अशांसमोर नुसतं उभं राहूनही पहिला बेस मिळतो.

त्यामुळे वॉकपेक्षा दोन गोष्टी जास्त सांगून जातात: झोनबाहेरच्या चेंडूवर तो किती वेळा बॅट फिरवतो आणि झोनमधल्या चेंडूला किती वेळा चुकतो. ट्रिपल-एचा स्टॅटकास्ट (प्रत्येक चेंडूचा वेग आणि मार्ग मोजणारी यंत्रणा) डेटा २०२३ पासून सगळ्यांना खुला आहे. त्यात ताशी ९५ मैलांच्या पुढचे फास्टबॉल वेगळे काढा. मेजर लीगचा सरासरी फास्टबॉलच ९४ च्या आसपास आहे, म्हणजे खाली ज्याला 'वेगवान' म्हणतात तो वर रोजचाच पाहुणा.

जॅक्सन हॉलिडेचं उदाहरण इथे जवळून बघण्यासारखं आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिला निवडलेला खेळाडू. २०२३ या एकाच हंगामात त्याने चारही पायऱ्या चढल्या. २०२४ ची सुरुवात नॉरफोकला ट्रिपल-एत झाली: दहा सामने, सरासरी .३३३, भरपूर वॉक. १० एप्रिलला, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याच्या क्लबने, ओरिओल्सने, त्याला वर बोलावलं. पुढच्या दहा सामन्यांत ३४ अ‍ॅट-बॅट (सरासरीत धरले जाणारे प्रयत्न), २ हिट, १८ स्ट्राइकआउट. २६ एप्रिलला परत नॉरफोक. तोवर ट्रिपल-एतले त्याचे सगळे सामने धरूनही तीस भरत नव्हते. पोरात खोट नव्हती: ३१ जुलैला तो परतला आणि त्याच दिवशी मेजर लीगमधला पहिला होमरन मारला, तोही ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर आपले खेळाडू असताना). खालच्या पिचरांनी जो प्रश्न पुरेसा विचारलाच नव्हता, तो वरच्यांनी पहिल्या दिवसापासून विचारला.

पिचरचा ईआरए शेवटी पाहा

ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यात धरलेल्या धावा. त्यात फिल्डिंग असते, नशीब असतं आणि कधी चेंडूही असतो. २०२३ च्या पहिल्या अर्ध्या हंगामात डबल-एच्या सदर्न लीगमध्ये मुद्दाम चिकट केलेला चेंडू वापरून पाहिला. पकड घट्ट झाली आणि स्ट्राइकआउट वाढले. दुसऱ्या अर्ध्यात नेहमीचा चेंडू आला आणि ते खाली आले. ही नोंद ठाऊक नसलेल्याने त्या वर्षी एखाद्या पिचरला मे महिन्यात डोक्यावर घेतलं असेल आणि ऑगस्टमध्ये 'फॉर्म गेला' म्हटलं असेल.

पिचरसाठी हे तपासा:

- तिसरा पिच, म्हणजे चेंडूचा तिसरा प्रकार, आहे का? फास्टबॉल आणि स्लायडर (आडवा वळणारा) या जोडीवर डबल-एपर्यंत सहज निभावतं. उजव्या हाताच्या पिचरला डावखुऱ्या बॅटरांविरुद्ध चेंजअप (फसवा हळू चेंडू) किंवा स्प्लिटर (शेवटी खाली पडणारा) लागतो. डाव्या-उजव्यांविरुद्धचे आकडे वेगळे काढले की भोक लगेच दिसतं.
- तीच फळी तिसऱ्यांदा समोर आल्यावर काय होतं? खाली बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या इनिंगलाच पिचर काढतात, त्यामुळे ही परीक्षा होतच नाही.
- किती दिवसांच्या विश्रांतीने टाकतोय? २०२१ पासून मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी, असा शिरस्ता आहे. स्टार्टरची (सामना सुरू करणाऱ्या पिचरची) पाळी साधारण आठवड्याने येते. वर ती पाचव्या दिवशी येऊ शकते.

पॉल स्कीन्स २०२४ मध्ये ट्रिपल-एच्या इंडियानापोलिसला २७ १/३ इनिंग टाकून ०.९९ ईआरए आणि ४५ स्ट्राइकआउट घेऊन ११ मे रोजी वर, पायरेट्स क्लबकडे, आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पण त्याला वर आणताना वजन शून्याच्या पुढच्या त्या दोन नऊंचं नव्हतं. शंभरीला टेकणारा फास्टबॉल आणि स्प्लिटर-सिंकरच्या मधला तो विचित्र 'स्प्लिंकर' बॅटरांना चकवत होता आणि सात सामन्यांत त्याच्या पिचची संख्या हळूहळू वाढवत नेली होती.

वय न पाहता तुलना

डबल-एत .२७० मारणारा २० वर्षांचा आणि .३०० मारणारा २५ वर्षांचा यांत पहिल्याचं पारडं जड. कारण तो स्वतःपेक्षा चार वर्षांनी मोठ्या पिचरांशी झगडतोय. दुसरा जे आहे ते बहुधा दाखवून चुकला आहे.

दोन आठवड्यांवर निकाल

बॅटरच्या स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० वेळा प्लेटवर (फलंदाजीला) आल्यावर बोलू लागतं, वॉकचं १२० नंतर, होमरनचं १७० च्या आसपास. सरासरी मात्र हंगाम सरला तरी बनवाबनवी करते, कारण मारलेला चेंडू मोकळ्या जागी पडणं न पडणं आठशेच्या आसपास चेंडू मारल्याशिवाय स्थिर होत नाही.

हे वर गेल्यावरही लागू. माइक ट्राउटने २०११ मध्ये पहिल्या ४० सामन्यांत .२२० मारले. पुढच्या वर्षी २८ एप्रिलला तो परत आला आणि एकमताने सर्वोत्तम नवोदित झाला.

'तयार नाही' या सरकारी उत्तरावर विश्वास

बढती कधी मिळते हे कौशल्याइतकंच हिशेबावर ठरतं. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात आणि सहा वर्षं झाली की खेळाडू कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा. २०१५ मध्ये कब्स क्लबच्या क्रिस ब्रायंटने सराव सामन्यांत ९ होमरन मारले, तरी त्याला खाली पाठवलं. कारण सांगितलं फिल्डिंगचं. १७ एप्रिलला तो वर आला आणि हंगामअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक कमी! त्याने दाद मागितली, २०२० मध्ये निकाल विरोधात गेला. आता सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आल्यास सेवेचं पूर्ण वर्ष मिळतं, त्यामुळे असं रोखून धरणं कमी झालंय, संपलेलं नाही.

उलटंही घडतं. क्लबच्या ४० जणांच्या यादीतल्या (वर खेळायला यात नाव लागतं) खेळाडूला साधारण तीनच हंगाम खाली पाठवता येतं. ती मुदत संपलेला २७ वर्षांचा माणूस वर राहतो आणि त्याच्यापेक्षा सरस २२ वर्षांचा खाली थांबतो. ट्रिपल-एचे आकडे घेऊन भांडण्याआधी ४० ची यादी उघडा, त्यात जागाच नसेल तर वाद पुढे नेऊन उपयोग नाही.

वर गेला आणि बिघडलं, तर कुठे बघायचं

झोनमधल्या फास्टबॉलला चुकतोय, पण बाहेरच्या चेंडूला हात लावत नाही: नजर ठीक आहे, बॅट उशिरा येतेय. हे खाली जाऊनही दुरुस्त होतं.

बाहेर जाणाऱ्या स्लायडरमागे पळतोय: ओळखण्यात चूक आहे. ट्रिपल-एत परत पाठवून फायदा कमी, कारण तसे स्लायडर तिथे रोज मिळत नाहीत.

स्ट्राइकआउट तेवढेच, चेंडू बॅटवरून निघण्याचा वेगही तोच, फक्त हिट पडत नाहीत: हात लावू नका.

पिचरचा फास्टबॉल दीड-दोन मैलांनी उतरला: तंत्राच्या गप्पा बाजूला, आधी खांदा-कोपर तपासा.

वेग तोच पण वॉक वाढले: पहिल्या पिचला स्ट्राइक किती टाकतोय ते मोजा. मेजर लीगच्या बॅटरला घाबरून कडेकडेने टाकणारा पोरगा तिथे सापडतो आणि हे डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) पिचिंग कोचलाही दुसऱ्याच इनिंगला दिसतं.