ऊसतोडीच्या घरातलं लेकरू दहावीपर्यंत शाळेत ठेवायचं तर

बीड जिल्ह्यात मी २६ वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून आम्ही पाच-सहा शिक्षक आणि पुण्यात नोकरीला असलेले काही माजी विद्यार्थी मिळून दरवर्षी १० मुलांचा नववी-दहावीचा खर्च उचलतो. आमच्याही गावात असं सुरू करायचंय, काय काय लागतं, असे फोन येतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी साखर कारखान्याचं वेळापत्रक समजून घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचं अख्खं दुसरं सत्र या काळात येतं, दहावीची बोर्डाची परीक्षासुद्धा. आई-बाप सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर, आणि पेपर इथं. त्यामुळे लेकरू सहा महिने कोणाजवळ राहणार, हे ठरल्याशिवाय आम्ही फी-पुस्तकांचं बोलतच नाही.

हे आम्हाला एका आजीनं शिकवलं. नव्या वह्या आणि गणवेश घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो होतो. ती दारात बसून ज्वारी पाखडत होती. वह्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "बाई, पोरीला ठिवून घेते मी. पर दळण कोण आणून टाकायचं? अन् मला रातच्याला दिसत नाही." घरात एकच बल्ब होता, तोही गेलेला. त्या दिवशी आम्ही आधी बल्ब बसवला आणि मग गावातल्या किराणा दुकानदाराशी बोललो. तेव्हापासून ऑक्टोबर ते मार्च प्रत्येक घराच्या नावानं दुकानात महिन्याला १२०० रुपये जमा असतात. तेल, डाळ, चहा-साखर, साबण, दळणाचे पैसे, सगळं त्यातून. दुकानदार वहीत मांडतो आणि महिन्याच्या शेवटी आमच्यापैकी एकजण जाऊन वही तपासतो.

पैसे असे थेट दुकानात का? पहिल्या वर्षी जूनमध्येच एका वडिलांच्या हातात आम्ही वर्षाची रक्कम दिली. त्यांच्याकडे मुकादमाची, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची, मागच्या हंगामाची उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) फिटायची राहिली होती. पैसे तिकडे गेले आणि दिवाळीनंतर पोरगाही फडावर गेला. त्या माणसाला मी दोष देत नाही. देणं अंगावर असताना आलेला पैसा वह्यांसाठी बाजूला ठेवणं कोणाला जमेल? चूक आमची होती.

आमचा हिशोब एका लेकरामागे वर्षाला १३ हजारांचा आहे. किराण्याचे ७२००, पुस्तकं-वह्या-गाइडचे २०००, गणवेशाचे दोन जोड, दप्तर आणि चप्पल मिळून २३००, आणि दवाखाना किंवा अडीअडचणीला राखीव १५००. प्रवासाचे पैसे यात नाहीत, कारण अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. शाळेतून फॉर्म भरून घेतला की झालं. मुलग्यांना सवलतीचा पास मिळतो, त्याचे थोडे पैसे आम्ही राखीव रकमेतून देतो.

लेकरं आठवीतच निवडा, तीही ऑगस्टमध्ये. दिवाळीनंतर शोधायला गेलात तर ती गावात सापडणार नाहीत. शिक्षणहक्क कायदा वयाच्या १४ वर्षांपर्यंतचा. आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, नववीत ती विकत घ्यावी लागतात आणि गळती तिथूनच सुरू होते. मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. वयात आलेली पोरगी मागं कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनं तिचं लग्न लावून देतात. शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल जोडीवर मिळते. म्हणून निवड करताना आम्ही गुणांपेक्षा घराकडे बघतो. धाकट्या भावंडांना कोण सांभाळतं, मोठ्या बहिणीचं लग्न कितव्या वर्षी झालं, आजी-आजोबा हिंडते-फिरते आहेत का. लग्नाची कुणकुण लागली तर आधी घरी जाऊन बसा, आणि ऐकत नसतील तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करायला कचरू नका.

आठवीत हाती धरण्याचा दुसरा फायदा एनएमएमएस शिष्यवृत्तीचा. ही गरीब घरातल्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, आठवीत परीक्षा देऊन मिळते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात), आणि शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. मिळाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये. परीक्षा डिसेंबरमध्ये असते, म्हणजे नेमकी टोळ्या गेल्यावर. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. सराव आम्ही रविवारी घेतो.

कागदपत्रं मात्र पावसाळ्यातच उरका. आमच्या एका मुलीचं नाव आधारवर "कोमल" आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये "कोमलबाई" होतं. शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि खात्यात पैसे येईनात. आधारमधलं नाव दुरुस्त करायला पालक लागतात, आणि पालक दिवाळीनंतर चारशे किलोमीटरवर. आता आम्ही आधार, बँकेचं पासबुक आणि शाळेचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखलाही तेव्हाच काढतो. शिष्यवृत्तीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ती तारीख आमच्यापैकी एकाच्या नावावर लिहिलेली असते.

देणगीदारांशी बोलताना एक नियम पाळा. दोन्ही वर्षांचे पैसे बँकेत आल्याशिवाय लेकराला "तुझं ठरलं" असं सांगू नका. नववीनंतर देणगीदार मागं सरला आणि आम्हाला दहावीच्या जूनमध्ये त्या पोराच्या दारात जावं लागलं, तो दिवस मी विसरलेले नाही. देणगीदाराला करसवलतीची, म्हणजे जिला ८०जीची म्हणतात ती पावती द्यायची तर संस्था नोंदणीकृत हवी आणि आयकर खात्याची ती मंजुरीही हवी. २००० रुपयांवर रोख देणगीला करसवलत मिळत नाही. परदेशातल्या आपल्या माणसांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांचे पैसे नेहमीसारखे घेता येतात. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगी लागते. आणि कोणी कितीही मोठी रक्कम दिली तरी लेकराला हार-चेकसोबत उभं करून फोटो काढू नका. वर्गातली पोरं तो फोटो बघतात.

परीक्षेच्या काळात रोज पेपर सुटल्यावर माझ्या फोनवरून आई-वडिलांना फोन लावायचा, एवढं एक काम मी स्वतःकडे ठेवलं आहे. फडात रेंज नसते, तीन-चारदा लावावा लागतो. एप्रिलमध्ये माणसं परतली की निकालाची वाट न बघता त्यांच्याकडे जा. पावसाळ्यात मुकादम पुढच्या हंगामाची उचल वाटायला येतो. घरातून किती कोयते जाणार ते तेव्हा ठरतं. अकरावीचं बोलणं त्याच्या आधी व्हायला हवं.