अॅल्युमिनियमच्या जुन्या बोटीचं बूड कसं दुरुस्त करावं

कृष्णाकाठी आमच्या वस्तीवर महापुरासाठी म्हणून घेतलेली 12 फुटी जुनी बोट आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्यातली फळी उचलली तर खाली पाच रुपयांचं पितळी नाणं. कुणीतरी कृष्णामाईला म्हणून टाकलेलं, पण बोटीतच पडलेलं. भोवती पांढऱ्या भुकटीचं कडं. नाणं सरकवलं तर खाली खड्डा, आणि खड्ड्यात टाचणी घातली तर ती आरपार.

अॅल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तीच खालचा धातू राखते. पण ओलीत पितळ, तांबं किंवा लोखंड चिकटून राहिलं की दोन धातू आणि मध्ये पाणी अशी छोटी बॅटरी तयार होते. त्यात झिजतो तो अॅल्युमिनियम. चुना, सिमेंट आणि धुण्याचा सोडा यांनी ती साय विरघळते. सोड्यात ठेवलेलं पातेलं काळं पडतं ते त्यामुळेच. तासगाव-पलूसकडे औषधांच्या खोलीत बोट ठेवायची असेल तर दहादा विचार करा. द्राक्षावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला लागणारं मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि शेजारी चुन्याचं पोतं. बोटीचे दोन्ही वैरी एका छताखाली.

काम एप्रिल-मेमध्ये काढा, मृगाच्या आत उरकलं पाहिजे. आधी गळती शोधायची. बोट सरळ ठेवून बुडाखाली चार-पाच ठिकाणी टेकू द्या आणि आत थोडं थोडं पाणी भरा. अर्धा फूट पाणी म्हणजे 500-600 किलो वजन होतं, दोन विटांवर भागत नाही. खाली वाकून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करा. आमच्याकडे अकरा गोल झाले. त्यातले नऊ रिव्हेटचे, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यांचे होते.

सैल रिव्हेट काढायची घाई नको. एकाने बाहेरून डोक्याला घनाचा टेका द्यायचा, दुसऱ्याने आतून हातोडीने बेताचे ठोके घालायचे. निम्म्याहून जास्त रिव्हेट एवढ्यावरच घट्ट होतात. भोक मोठं झालं असेल तर ड्रिलने साफ करून एक माप जाड अॅल्युमिनियमचा भरीव रिव्हेट सीलंट लावून ठोका. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, पाणी त्यातूनच येतं. सीलंट पीयूचा (पॉलियुरेथेनचा) घ्या, गॅरेजमध्ये गाडीची पुढची काच बसवायला वापरतात तो. सिलिकॉनवर रंग धरत नाही.

चीर गेली असेल तर गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या नादी लागू नका. आर्गन वेल्डिंगच हवं. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत विचारा. नेण्याआधी बाकाखालचा फोम काढून घ्या, तो पेट घेतो.

मग घासकाम. लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको. मी एकदा तो चालवला आणि आठवडाभरात पत्र्यावर तांबडे ठिपके उठले, पत्र्यात रुतलेले लोखंडाचे कण गंजत होते. स्टीलचा, म्हणजे स्टेनलेसचा ब्रश किंवा पॉलिश पेपर घ्या. 80 नंबरने सुरुवात, 150वर शेवट. जुना रंग ओला करून घासा, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. खड्डे पांढरी भुकटी पूर्ण निघेपर्यंत खरवडा, मगच इपॉक्सीची लांबी (पुटी) भरा.

रंग टिकतो की सोलून निघतो, ते प्रायमरवर ठरतं. घरात उरलेला रेडऑक्साइड लोखंडासाठीचा आहे, तो इथे नको. साबणाने धुऊन, वाळवून, थिनरच्या फडक्याने पुसा. त्यानंतर उघड्या हाताचा स्पर्शही नको. त्याच दिवशी एच (etch) प्रायमरचा, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन घट्ट धरणाऱ्या प्रायमरचा, पातळ हात द्या, कारण घासलेल्या पत्र्यावर साय लगेच पुन्हा धरते. त्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, तो डब्यावरच्या मापानेच मिसळायचा, आणि शेवटी पीयू रंगाचे दोन हात. सगळं सकाळी नऊच्या आत. दुपारच्या तापल्या पत्र्यावर रंगाला फोड येतात. तांबं असलेला, शेवाळ रोखणारा रंग कुणी सुचवला तर नको म्हणा.

पाणी सोडायच्या भोकाचं पितळी बूच बदलून नायलॉनचं बसवा. लोखंडी स्टँड असेल तर ठिबकची जुनी नळी उभी चिरून कडेवर चढवा, म्हणजे धातूला धातू लागत नाही. बोट उलटी, जमिनीपासून वीतभर वर, खालून वारं खेळेल अशी ठेवा. गोणपाट अंथरून त्यावर ठेवणारे खूप आहेत; ते गोणपाट पावसाळाभर ओलं राहतं आणि बुडाला खातं.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोका पातळी. ती यायच्या कितीतरी आधी, मेमध्येच, बोट काठाला दोरीने बांधून अर्धा तास पाण्यात ठेवा. आत वाळूची पोती टाका, पण जुन्या पाटीवर लिहिलेल्या वजनाच्या वर नाही. डागडुजीने बोट जास्त माणसं पेलू लागत नाही. ऑगस्ट 2019च्या महापुरात ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. अर्ध्या तासाने पोती काढा आणि प्रत्येक रिव्हेटवर कोरडं बोट फिरवा. आमचा दहावा गोल अजून ओला लागतो, त्याला येत्या रविवारी पुन्हा घन लावायचा आहे.