चाळीस सबडोमेन, एकच हिशेब: विद्यापीठात गूगल ॲनालिटिक्स ४ कसे लावावे

विद्यापीठात प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय, वसतिगृह, प्रत्येकाचा सबडोमेन (मूळ वेब-पत्त्याआधी नाव जोडून केलेला पत्ता) वेगळा. या साइटवरच्या भेटी गूगल ॲनालिटिक्स ४ मोजतं. ‘प्रत्येक विभागाला स्वतंत्र प्रॉपर्टी द्या’ हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. प्रॉपर्टी म्हणजे ॲनालिटिक्समधली मोजणीची एक हिशेबवही. तो सल्ला ऐकू नका. माहितीपत्रक वाचून फी भरायला गेलेली एकच मुलगी मग तीन ठिकाणी तीन माणसं म्हणून मोजली जाते, आणि ती नेमकी कुठे अडकली ते कुणालाच कळत नाही.

सगळ्यांसाठी एकच प्रॉपर्टी, तिच्यात एकच वेब डेटा स्ट्रीम (साइटवरून माहिती येण्याचा मार्ग), सगळ्या साइटवर टॅग मॅनेजरचा (मोजणीचे कोड एका जागेवरून सांभाळणारं गूगलचं साधन) एकच कंटेनर, म्हणजे त्या कोडचा संच. टेस्टिंगच्या साइट ट्रिगरमधूनच (कोड कधी चालावा हे ठरवणारा नियम) वगळा. डेटा रिटेन्शन (माहिती साठवून ठेवण्याची मुदत) २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर आजच न्या, नाहीतर एक्सप्लोरेशनमध्ये (स्वतः तयार करायचे सविस्तर अहवाल) गेल्या वर्षीचे प्रवेश दिसणार नाहीत.

आता कुकी, म्हणजे तोच पाहुणा पुन्हा ओळखण्यासाठी ॲनालिटिक्स ब्राउझरमध्ये ठेवतं ती छोटी नोंद. माझे पंधरा दिवस इथे गेले. ही कुकी आपोआप मूळ डोमेनवर बसते, म्हणून सबडोमेनसाठी क्रॉस-डोमेनची (वेगवेगळ्या डोमेनवर एकच पाहुणा ओळखण्याची) सेटिंग लागत नाही. तरीही परीक्षेच्या साइटवरून ग्रंथालयात येणारा प्रत्येक जण आमच्याकडे नवा युजर ठरत होता. शेवटी परीक्षेच्या साइटची हेडर फाइल उघडली. कुणीतरी पूर्वी थेट चिकटवलेला ॲनालिटिक्सचा कोड तिथे तसाच होता आणि त्यात कुकीचा डोमेन हाताने फक्त त्या सबडोमेनला बांधलेला होता. म्हणून बजावून सांगतो: कंटेनर लावण्याआधी प्रत्येक साइटचा सोर्स स्वतः तपासा आणि जुना कोड काढा. ‘आमच्याकडे काही नाही’ या विभागाच्या उत्तरावर विसंबू नका.

मग पडताळा घ्या. इन्कॉग्निटोमध्ये प्रवेशाची साइट उघडा, एफ १२ दाबा, ‘ॲप्लिकेशन’मध्ये कुकीज पाहा. नेमक्या ‘_जीए’ (_ga) या नावाची ओळ एकच हवी, आणि तिचा डोमेन टिंबाने सुरू होणारा, विद्यापीठाचा मूळ डोमेन हवा. त्याच टॅबमध्ये परीक्षेच्या साइटवर जा. कुकीतला आकडा तोच राहिला पाहिजे. त्याच नावाच्या दोन ओळी दिसल्या तर जुना कोड अजून कुठेतरी आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. चाळीसही साइटवर हे करा. मी दोन दुपारी घातल्या आणि त्या वसूल झाल्या.

अहवालात पानांचा फक्त पाथ (पत्त्यातला डोमेननंतरचा भाग) दिसतो, त्यामुळे चाळीस मुखपृष्ठं एकाच तिरक्या रेघेखाली गोळा होतात. शेजारी होस्टनेमचा (पान कोणत्या सबडोमेनवरचं ते सांगणारा) रकाना जोडा.

फी भरण्याच्या गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) डोमेन नको असलेल्या रेफरल्सच्या (पाहुणा ज्या साइटवरून आला त्या साइट) यादीत टाका, नाहीतर फी भरून परतलेले विद्यार्थी गेटवेकडूनच आले असं अहवाल सांगेल.