अर्धा किलो खिमा, चार माणसं, तीन रात्री

अर्धा किलो खिमा चौघांत पावासोबत एका बैठकीत सहज संपतो, आणि वर कुणीतरी "अजून थोडा हवा होता" म्हणतंच. तोच खिमा तीन जेवणांना पुरवता येतो, आणि तिसऱ्या रात्रीही ताटात खिमाच लागतो, मसाल्याचं पाणी नाही. त्यासाठी एकच शिस्त पाळायची. भर, म्हणजे बटाटा, डाळ, सोया, कच्ची असताना खिम्यासोबत पातेल्यात टाकायची नाही. खिमा आधी एकटा, कोरडा, तेल सुटेपर्यंत परतायचा, भर वेगळी शिजवायची, आणि दोन्ही शेवटी एकत्र करायचं.

कुठला खिमा

बकऱ्याचा खिमा चवीला सरस, पण महिन्याच्या हिशेबात जड जातो. मोठ्याचं मटण, म्हणजे मोठ्या जनावराचं मांस, बहुतेक बाजारांत त्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी असल्याने इथे मोठ्याचं म्हणजे म्हशीवर्गाचंच. गोव्यात बैलाचंही मिळतं, आणि तिथल्या ख्रिस्ती घरांत त्याच्या खिम्याचे बटाट्यातले चॉप्स नेहमीचे. परदेशात राहणाऱ्यांना बीफचा खिमा पाकिटात मिळतो. त्यावर ८०/२० असं लिहिलेलं असेल तर शंभर ग्रॅममध्ये वीस ग्रॅम चरबी. रोजच्या भाजीला हा चांगला, फक्त खाली दिलेलं तेल निम्मं करा. चिकनचा खिमा स्वस्त आणि झटपट, पण तो पाणी फार सोडतो आणि जास्त शिजवला की रबरासारखा होतो.

खालची मापं तिन्हींना चालतात, बदलतो तो वेळ. परतून झाल्यावर चिकनला झाकण ठेवून १० ते १२ मिनिटं, बकऱ्याच्या खिम्याला २० ते २५ मिनिटं किंवा कुकरच्या २ शिट्ट्या, म्हशीच्या खिम्याला ४ शिट्ट्या. म्हशीचं मांस गडद, जाड धाग्याचं आणि कमी चरबीचं असतं. घाई केली तर ते दातात अडकतं.

खाटकाकडे

मशीनमधून आधीच काढून ठेवलेला ढीग घेऊ नका. खांद्याचं किंवा मानेचं मांस दाखवून घ्या, ते धुवायला सांगा आणि मग समोर खिमा काढून घ्या. मांडीचं मांस महाग आणि कोरडं. खांद्यात चरबी बेताची असते आणि खिम्याला तीच हवी. मशीनमधून एकदाच काढायला सांगा. दोनदा काढलेला बारीक खिमा कबाबाला ठीक, भाजीत त्याचा लगदा होतो. आणखी एक, मशीनच्या नळीत आधीच्या गिऱ्हाइकाचं मूठभर मांस अडकलेलं असतं. पहिली मूठ बाजूला काढायला सांगायला लाजू नका.

घरी आणून खिमा पुन्हा धुवायचा मोह टाळा. धुतलेला खिमा स्पंजासारखा पाणी धरतो, आणि मग कढईत परतला न जाता उकडला जातो. धुवायचाच असेल तर बारीक चाळणीत धरा, घट्ट पिळा आणि अर्धा तास निथळत ठेवा.

खिम्यात बाहेरचं मांस आत मिसळलेलं असतं, म्हणून तो अख्ख्या तुकड्यांपेक्षा लवकर खराब होतो. कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक दिवस, फार तर दोन. त्यापुढे ठेवायचा असेल तर पिशवीत बोटभर जाडीचा सपाट थर करून फ्रीझरमध्ये टाका. गोळा करून ठेवलेला खिमा बाहेरून वितळतो आणि आत दगडच राहतो. वितळवायला रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नाही.

मूळ सुका खिमा

खिमा ५०० ग्रॅम, कांदे ३ मध्यम (साधारण २५० ग्रॅम) बारीक चिरून, टोमॅटो २, आलं-लसूण वाटण दीड मोठा चमचा, तेल ३ मोठे चमचे, हळद अर्धा छोटा चमचा, लाल तिखट २ छोटे चमचे, धनेपूड २ छोटे चमचे, गरम मसाला १ छोटा चमचा, मीठ सव्वा छोटा चमचा, २ तमालपत्रं, ४ लवंगा, बोटभर दालचिनी. घरात कांदा-लसूण मसाला किंवा मालवणी मसाला असेल तर तिखट आणि गरम मसाल्याऐवजी त्याचे अडीच चमचे घाला.

पसरट कढई घ्या. उंच, अरुंद पातेल्यात वाफ अडकते आणि खिमा कोरडा परतला जात नाही. तेलात खडा मसाला, मग कांदा. मध्यम आचेवर कांद्याला १० ते १२ मिनिटं द्या, कडा तपकिरी होईपर्यंत. गुलाबी कांद्यावर थांबलात तर पुढच्या दोन्ही दिवसांचा रस्सा फिका पडेल, कारण रंग आणि गोडवा इथूनच येतो. आलं-लसूण मिनिटभर परता, मग हळद.

आता आच मोठी करून खिमा घाला. पहिली दोन मिनिटं हात थांबवायचा नाही. डावाच्या पाठीने दाबून, उलथण्याच्या कडेने तोडून गाठी फोडत राहा. एकदा शिजलेली गाठ नंतर फुटत नाही. खिमा करडा होतो आणि पाणी सोडतो. हे पाणी बघून बरेच जण घाबरून झाकण ठेवतात, आणि चव तिथेच जाते. झाकण नको. सहा ते आठ मिनिटांत पाणी आटतं. कानाने ओळखता येतं: आधी खदखद, मग आवाज बारीक होत चरचर. कढईच्या तळाला तपकिरी खरड धरू लागली आणि कडेने तेल दिसलं की पाणी गेलं. आणखी तीन-चार मिनिटं परता.

तिखट, धनेपूड घालून अर्धा मिनिट, लगेच टोमॅटो आणि मीठ. टोमॅटोच्या रसाने तळाची खरड सुटते, ती खरवडून खिम्यात मिसळा. टोमॅटो विरघळला की अर्धा कप गरम पाणी घालून वर दिलेल्या वेळेप्रमाणे शिजवा. गार पाणी घालू नका. म्हशीचा खिमा कुकरमध्ये काढला असेल तर शिट्ट्यांनंतर पुन्हा कढईत ओतून पाणी आटवा. शेवटी गरम मसाला. तयार खिमा मोकळा, दाणेदार आणि कोरडा दिसायला हवा.

परतताना मांसाचं जवळपास पाव वजन उडतं, कांदा-टोमॅटोही आटतात. हाती येतो साधारण ६०० ग्रॅम, म्हणजे आमटीच्या मध्यम वाटीने चार वाट्या. परातीत पसरून गार करा. पातेल्यात झाकून ठेवलेला खिमा मधोमध तासन्‌तास कोमट राहतो आणि उन्हाळ्यात तेवढ्यात आंबतो. दोन तासांच्या आत डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाका: दीड वाटी, दीड वाटी, एक वाटी. तीन दिवस नीट टिकतो. ज्यांच्याकडे रोज वीज जाते त्यांनी तिसरा डबा फ्रीझरमध्येच ठेवावा.

पहिली रात्र: खिमा-बटाटा-मटार आणि पाव

दीड वाटी खिमा, २ बटाटे (२०० ग्रॅम), एक वाटी मटार, ८ लादीपाव.

बटाट्याच्या नखाएवढ्या फोडी करा. चमचाभर तेलात चिमूटभर मीठ घालून झाकणाखाली सात-आठ मिनिटं होऊ द्या, सुरी सहज गेली पाहिजे. हे आधी करायचं कारण टोमॅटो. आंबट रसात बटाटा शिजायला हट्ट धरतो. रस्सा आटून जातो आणि फोड आतून कडकच. फोडी शिजल्या की खिमा, दीड कप उकळतं पाणी आणि मटार घाला. ताजे मटार १० मिनिटं घेतात, फ्रोझन ४ मिनिटांत होतात. त्याहून जास्त शिजवले तर मटार सुरकुततात. दोन-तीन फोडी डावाने चेचून मिसळल्या की रस्सा आपोआप दाट होतो, वेगळं वाटण लागत नाही. वर कोथिंबीर, बाजूला लिंबू.

दुसरी रात्र: चणाडाळ-खिमा

तिन्हींत सगळ्यात स्वस्त हाच, आणि आमच्या मते सगळ्यात चवदारही. डाळ खिम्याच्या दाण्याएवढी असते, मसाला धरते, दाताला लागते. खिमा कुठे संपला आणि डाळ कुठे सुरू झाली हे मुलांना कळतही नाही.

अर्धी वाटी चणाडाळ (१०० ग्रॅम) तासभर भिजवा. दीड कप पाणी आणि चिमूटभर हळद घालून कुकरला एक शिट्टी, मग मंद आचेवर पाच मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्या. दाणा अख्खा दिसावा पण दोन बोटांत दाबला की चेपला जावा. टोमॅटो आणि मांसासोबत डाळ कच्ची शिजवायला घातली तर ती तासाभरातही टणक राहते आणि तोवर खिम्याचा भुगा होतो. उलट डाळ मेण झाली तर तिची आमटी होते, मग खिमा दिसणारच नाही.

चमचाभर तेलात एक कांदा लालसर परता, ३ सुक्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं. दीड वाटी खिमा, डाळ तिच्या पाण्यासकट, २ आमसुलं, लागेल तसं मीठ. दहा मिनिटं मंद आचेवर. सुकंसर ठेवलं तर ज्वारीच्या भाकरीसोबत, कपभर पाणी वाढवलं तर भातावर. मेथीची अर्धी जुडी असेल तर चिरून कांद्यासोबतच परता.

तिसरी रात्र: पोटॅटो चॉप

गोव्यातल्या घरांतला हा प्रकार बाहेरून पॅटिस, आत खिमा. उरलेल्या एका वाटीचे १० चॉप होतात. प्रत्येकी दोन, आणि दोन दुसऱ्या दिवशीच्या डब्याला.

बटाटे ७५० ग्रॅम, अख्खे, सालीसकट उकडा. चिरून उकडले तर पाणी पितात, आणि चॉप फुटण्याचं पहिलं कारण तेच. गरम असतानाच सोलून किसणीवर किसा किंवा हाताने कुस्करा. मिक्सर लावू नका, बटाट्याचा डिंक होतो. मीठ घालून पूर्ण गार करा. नवे, पातळ सालीचे बटाटे ओलसर असतात. तेच मिळाले तर दोन चमचे पावाचा चुरा मळा.

खिमा कढईत घालून २ हिरव्या मिरच्या आणि १ छोटा चमचा व्हिनेगर टाका आणि अगदी कोरडा करा. चमच्यात घेऊन तिरपा केला तर तेल ओघळता कामा नये, ओघळलं तर कागदावर काढा. चॉपच्या शिवणीतून तेल आलं की ती तव्यात उघडतेच. खिमाही गार हवा.

हाताला तेल लावून लिंबाहून मोठा गोळा घ्या, वाटीसारखा खोलगट करा. कडा पातळ, मधला भाग जाड. भरपूर एक मोठा चमचा खिमा भरून तोंड मिटा आणि चपटा करा. एका फेटलेल्या अंड्यात बुडवून रव्यात घोळवा. तयार चॉप अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले तर कवच घट्ट बसतं. तव्यावर तळ झाकेल एवढं तेल चांगलं तापवा, एका वेळी चारच चॉप, प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं. गर्दी केली की तेल थंडावतं आणि चॉप तेल पितात. खालची बाजू स्वतःहून तव्याला सोडेपर्यंत उलटू नका. सोबत कांद्याची कोशिंबीर किंवा कोबीचं पाणीदार सूप पुरे.

भर घालण्याचे आणखी मार्ग, आणि एक नकार

सोया चुरा सगळ्यात पोटभरीचा. ५० ग्रॅम कोरडा चुरा मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग पिळा, गार पाण्यात धुऊन पुन्हा पिळा. दुसरं पिळणं टाळलं तर सोयाचा वास शेवटपर्यंत जात नाही. खिमा परतून तेल सुटल्यावर, टोमॅटोच्या आधी तो घाला म्हणजे ते तेल त्यात मुरतं. ५०० ग्रॅम खिम्याला कोरडा ५० ग्रॅम, त्यापुढे ओळखू येतो. किसलेला गाजर चालतो. दुधी नको, पाणी सोडतो.

पाऊण वाटी खिमा कसाबसा उरला असेल तर ४ अंडी फोडून खिमा घोटाळा करा: खिमा गरम करा, अंडी थेट वर फोडा, मोडून हलवा, ओलसर असतानाच उतरवा.

सीख कबाब या हिशेबात बसत नाहीत. तिथे भर घातली की कबाब सळईवरून गळतो, आणि भर न घालता अर्धा किलोत चौघांचं एकच जेवण होतं. ते सणावारी करा.