सिग्नल जनरेटरची आउटपुट पॉवर अचूक कशी लावावी

जनरेटरच्या पडद्यावर −३० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये सांगितलेली पॉवर) दिसले, म्हणून तपासायच्या सर्किटच्या इनपुटला −३० डीबीएमच पोहोचले असे धरू नका. तो आकडा जनरेटरच्या कनेक्टरवरचा असतो आणि पुढे ५० ओहमचा लोड असेल तरच खरा ठरतो. मधली केबल, पॅड (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणारा जोड), ॲडॉप्टर यांचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

काहीही जोडण्याआधी दोन मर्यादा बघून घ्या: सर्किटला जास्तीत जास्त किती इनपुट चालते, आणि जनरेटरच्या आउटपुटवर उलट दिशेने किती पॉवर व किती डीसी चालते. दुसरी मर्यादा फार वेळा दुर्लक्षित राहते. ट्रान्सीव्हरचा रिसीव्हर तपासताना चुकून ट्रान्समिट दाबले गेले, तर काही वॉट थेट जनरेटरच्या अटेन्युएटरमध्ये (आउटपुट कमी करणाऱ्या भागात) शिरतात आणि तो जळतो. अशा कामात ट्रान्समीटरची पूर्ण पॉवर पेलणारा २० किंवा ३० डीबीचा पॅड मध्ये हवाच. सर्किटच्या इनपुटवर डीसी बायस (स्थिर व्होल्टेज) असेल तर ते अडवणारा डीसी ब्लॉकही लावा.

जनरेटर साधारण अर्धा तास तापू द्या. आरएफ (जनरेटरचे सिग्नल आउटपुट) बंद ठेवूनच केबल जोडा. आधी फ्रिक्वेन्सी, मग लेव्हल, शेवटी आरएफ चालू, हा क्रम पाळा, कारण किती कमाल पॉवर मिळेल हे फ्रिक्वेन्सीवर ठरते.

एकक तपासा. ५० ओहमवर ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट, ०.२२४ व्होल्ट आरएमएस किंवा १०७ डीबी मायक्रोव्होल्ट. काही जनरेटर व्होल्टेज ईएमएफमध्ये, म्हणजे लोड न जोडता जेवढे मिळेल तेवढे दाखवतात. तेव्हा हाच आकडा ११३ होतो. मोजमापात बरोबर ६ डीबीचा फरक येत असेल तर पहिला संशय इथेच घ्या. १ मेगाओहम इनपुटच्या ऑसिलोस्कोपवर दुप्पट व्होल्टेज दिसते तेही याच कारणाने.

आता हिशेब. समजा, ९०० मेगाहर्ट्झला ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर −३० डीबीएम हवे आहे, केबलमध्ये १.४ डीबी जातात आणि पॅड १० डीबीचा आहे. एकूण घट ११.४, म्हणजे जनरेटरवर −१८.६ डीबीएम लावायचे. दर वेळी बेरीज नको असेल तर ॲम्प्लिट्यूड ऑफसेट −११.४ द्या, मग पडद्यावर सर्किटच्या इनपुटचाच आकडा दिसेल. मात्र ऑफसेट बहुधा फक्त दाखवला जाणारा आकडा बदलतो. काम झाल्यावर तो शून्य केला नाही, तर पुढचा माणूस ० डीबीएम लावेल आणि कनेक्टरवर +११.४ निघतील. नाजूक मिक्सर किंवा लो-नॉइज ॲम्प्लिफायर याने सहज जाऊ शकतो.

केबलची घट छापील तक्त्यावरून घेण्यापेक्षा मोजलेली बरी. पॉवर मीटर आरएफ बंद असताना शून्य करा, त्यावर फ्रिक्वेन्सी भरा आणि सेन्सर केबलच्या शेवटच्या टोकाला लावा. साधा थर्मल सेन्सर −३० डीबीएमच्या आसपास संपतो. त्याखाली डायोड सेन्सर लागतो. थर्मल सेन्सर हार्मोनिकची (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या सिग्नलची) पॉवरही मोजतो, हेही ध्यानात ठेवा.

१० डीबीचा पॅड वर मुद्दाम घेतला आहे. जनरेटरचा व्हीएसडब्ल्यूआर (किती सिग्नल परत फिरतो याचे माप; १ म्हणजे काहीच नाही) १.५ आणि सर्किटचा २ असेल, तर परावर्तनामुळे पोहोचणारी लेव्हल साधारण ०.६ डीबी वर-खाली सरकू शकते. सर्किटजवळ चांगला पॅड लावला की ही चूक डीबीच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. पॉवर शिल्लक असेल तेव्हा पॅड वापराच.

‘अनलेव्हल्ड’ असा इशारा दिसला, तर लेव्हल स्थिर ठेवणारे एएलसी सर्किट हतबल झाले आहे आणि पडद्यावरचा आकडा भरवशाचा नाही. बहुधा मागितलेली पॉवर त्या फ्रिक्वेन्सीला मिळतच नसते. मॉड्युलेशन असेल तर वरची जागा आणखी कमी होते: १०० टक्के एएममध्ये (ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन) शिखर कॅरियरच्या ६ डीबी वर जाते, म्हणून कमाल लेव्हल निदान तेवढी खाली घ्या. फार अरुंद पल्सच्या वेगाला एएलसी पुरत नाही. तिथे ते बंद करून पॉवर सर्च (लेव्हल एकदा मोजून बसवणारी सोय) चालवा, आणि तापमान किंवा फ्रिक्वेन्सी बदलली की पुन्हा चालवा.

पॉवर बारीक पायऱ्यांनी वाढवताना मेकॅनिकल अटेन्युएटर बदलला की लेव्हल क्षणभर तुटते. कॉम्प्रेशन (पॉवर वाढवताना ॲम्प्लिफायरचा गेन घटणे) मोजताना हे नको असेल तर अटेन्युएटर होल्ड वापरा; मात्र बदलाची मर्यादा तेव्हा एएलसीच्या पल्ल्याएवढीच राहते.

−१०० डीबीएमच्या खाली गळती त्रास देते. दुहेरी शील्डची केबल घ्या, कनेक्टर टॉर्क रेंचने घट्ट करा. मग केबल रिसीव्हरच्या टोकाला सोडवा, केबलच्या आणि रिसीव्हरच्या अशा दोन्ही तोंडांना ५० ओहमचे टर्मिनेशन लावा आणि आरएफ चालूच ठेवा. रिसीव्हरला सिग्नल अजूनही ऐकू येत असेल, तर तो हवेतून शिरतो आहे; जनरेटर दूर न्या किंवा रिसीव्हर शील्ड बॉक्समध्ये ठेवा.